वानराची तेरवी आणि दादाचं रक्त

दादाच्या हातातला फिस्टुला बंद पडला, त्याच सकाळी गावात वानराची अंत्ययात्रा निघाली होती.

मी सुट्टी काढून गावी आले होते. सेनगाव तालुक्यात, साखऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. सोयाबीन विकून झालं होतं, तुरीच्या शेंगा भरत होत्या, हळद निघायला अजून अवकाश होता. मी चहा घेत बसले होते, तेवढ्यात वहिनीनं ओसरीवरून हाक मारली, "ताई, इकडं या बरं. यांचा हात बघा. वाजंना."

'वाजणं' हा आमच्या घरातला शब्द. दादाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या डाव्या हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडून दिली होती. तिला फिस्टुला म्हणतात. तिथं सुई टोचली की रक्त मशीनमध्ये जातं, धुतलं जातं आणि अंगात परत येतं. चालू फिस्टुल्यावर बोट ठेवलं तर आत भुंगा अडकल्यासारखी थरथर लागते, कान लावला तर ऐकूही येते. वहिनी रोज सकाळी देवपूजेच्या आधी त्या हाताला कान लावायची. त्या दिवशी मीही लावला. आत काही नव्हतं. शीर सुतळीसारखी कडक लागत होती.

"गोठलंय," मी म्हणाले.

"म्हंजी?" दादानं विचारलं.

"आत रक्त गोठून रस्ता बंद झालाय. सदरा घाल. आत्ताच निघू."

शेजारच्यांची गाडी मिळाली, पण ती मारुतीच्या देवळापाशी अडली. आदल्या संध्याकाळी एक वानर विजेच्या डीपीला चिकटून मेलं होतं. गावानं त्याला आंघोळ घातली, नवं कोरं उपरणं पांघरलं, खुर्चीत बसवून झेंडूच्या माळा घातल्या. गुलाल उडत होता, टाळ वाजत होते, आणि सगळ्यात पुढं आबा होते. आबा म्हणजे आमच्या गावचे जुने सरपंच आणि भजनी मंडळाचे प्रमुख. आमचे वडील गेले तेव्हा दादाच्या पाठीवर पहिला हात त्यांनीच ठेवला होता. गाडीत दादाला बघताच त्यांनी टाळ थांबवले आणि माणसं बाजूला सारली. मग ते खिडकीशी वाकले. पण बघत होते माझ्याकडं.

"बाई, तू तिकडं माकडं मारून राहिली म्हणं. तुझं भाषण मोबाइलात आलंय, लोकांनी दाखवलं मला. खरंय का?"

"खरंय, आबा."

"अन् डुकराचं काळीज काढून त्यांच्यात घालता?"

"काळजाचं काम दुसरे लोक करतात. आमी किडनी घालतो."

टाळकरी ऐकत होते. 'मी नुसती कॉम्प्युटरवर बसते' असं काहीतरी म्हणाले असते तर सगळ्यांचंच भागलं असतं. पण मला माझ्या कामाची लाज वाटत नव्हती. ज्याची लाज नाही ते लपवायचं कशाला?

आबांनी खिडकीवरचा हात काढला. "जा. लेकराचा हात बघा आधी," ते म्हणाले. "बाकीचं मागून बोलू."

हिंगोलीत डॉक्टरांनी हात बघून आम्हाला नांदेडला पाठवलं. तिथल्या सर्जननं दुपारी शीर उघडून गुठळी काढली. रक्त पुन्हा वाहायला लागलं, हात वाजायला लागला, वहिनीनं डोळे पुसले. आणि दिवस मावळायच्या आत ते पुन्हा गोठलं.

सर्जन बाहेर आले. मी याच धंद्यातली आहे हे दादानं त्यांना टेबलावरच सांगून टाकलं होतं. "मॅडम, शिरेचं अस्तर आतून सुजलंय," ते म्हणाले. "सुजलेल्या भिंतीला रक्त धरतं. परत काढलं तर परत धरेल. सध्या डायलिसिससाठी मानेत नळी टाकू. दुसऱ्या हाताचं नंतर बघू."

मी मान हलवली. मला हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सुजलेली भिंत आणि तिला धरून बसलेलं रक्त, हेच माझं काम. फक्त मी ते आजवर माकडात बघत आले होते, भावात नाही.

मी मुळात जनावरांची डॉक्टर. परभणीला शिकले. पहिली नोकरी जवळा बाजारच्या बाजूला होती. व्यालेल्या म्हशीची अडकलेली वार काढायची, पोट फुगलेल्या शेळ्या बघायच्या, आणि बाजाराच्या दिवशी 'डॉक्टरीणबाईला जमंल का' म्हणून बघायला जमलेल्या गर्दीत बैल आडवा पाडायचा. जमायचं. पुढं शिष्यवृत्ती मिळाली, परदेशात गेले, आणि एका अशा प्रयोगशाळेत लागले जिथं डुकराची किडनी बबूनच्या अंगात बसवतात. बबून म्हणजे आफ्रिकेतलं कुत्र्यासारख्या तोंडाचं मोठं माकड. डुक्कर कशासाठी? तर त्याची किडनी मापानं माणसाच्या जवळ जाते आणि डुकरं लवकर वाढतात. माकड कशासाठी? तर त्याचं रक्त माणसाच्या रक्ताच्या जवळचं असतं. माणसं किडनीची वाट बघत मरतात आणि द्यायला किडन्या नसतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

पहिल्यांदा बघितलं तो दिवस मला चांगला आठवतो. बर्फातून काढलेली डुकराची किडनी राखाडी पडलेली होती. बबूनच्या धमनीला तिचा टाका पूर्ण झाला, चिमटे काढले, आणि बघता बघता ती गुलाबी झाली. थोड्या वेळानं नळीतून लघवीचा पहिला थेंब आला. मास्कच्या आत सगळे हसत होते ते डोळ्यांवरून कळत होतं. एका जातीच्या जनावराचं मांस दुसऱ्या जातीच्या रक्तावर जगत होतं, कामही करत होतं.

पुढं काही आठवड्यांनी त्या माकडाच्या प्लेटलेट उतरायला लागल्या. प्लेटलेट काय असतात हे आमच्या गावात समजावून सांगावं लागत नाही, डेंग्यूनं ते घरोघरी शिकवलंय. पण डेंग्यूतल्यासारखं इथं नव्हतं. इथं प्लेटलेट त्या किडनीतच खर्ची पडत होत्या. केसाहून बारीक वाहिन्यांत बारीक बारीक गुठळ्या धरत होत्या, एकीमागून एक वाहिनी बंद होत होती. शेवटी पोट उघडलं तेव्हा गुलाबी किडनी काळीनिळी आणि जड झाली होती.

असं का होतं ते सांगते. रक्त कापल्या जागी गोठलं पाहिजे आणि बाकी सगळीकडं वाहिलं पाहिजे. हे त्याला आपोआप कळत नाही. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्याला सारखं बजावत असतं, की इथं गोठू नको. डुकराचं अस्तरही बजावतं, पण त्याची खूण माकडाच्या रक्ताला धड पटत नाही, माणसाच्याही नाही. त्यात अंगाला कळतं की हे परकं आहे. मग सूज धरते. ही सूज डोळ्यांना दिसणारी नसते, रक्तात असते. पांढऱ्या पेशी खवळतात आणि 'गोठा, गोठा' म्हणून स्वतःच इशारा द्यायला लागतात. सुजेनं गुठळ्या वाढतात, गुठळ्यांनी सूज वाढते. रक्त पातळ करायचं औषध जास्त दिलं तर भलतीकडूनच रक्त जातं आणि किडनीतल्या गुठळ्या आहेत तिथंच राहतात.

त्या माकडांतली एक मादी माझ्या विशेष लक्षात आहे. भुईमुगाची शेंग हातातून घ्यायची, पण आधी माझा हात हुंगायची, रोज, जणू काल मी दुसरीच कुणी होते. तिची किडनी गेली तेव्हा तिची चिरफाड मीच केली. दुसऱ्या कुणाला करू दिली नाही. रडले, तोंड धुतलं, आणि सुरी उचलली. तिच्या रक्ताचे रोजचे नमुने मी ओळीनं लावून बघितले तेव्हा एक गोष्ट दिसली. गुठळ्या धरायच्या कितीतरी आधी तिच्या रक्तात सूज चढलेली होती. आम्ही सुजेवरचं औषध उशिरा सुरू करत होतो. पाणी घरात शिरल्यावर बांध घालत होतो.

मी हे प्रयोगशाळेच्या प्रमुखांना सांगितलं. ते वयानं मोठे, कामानं थकलेले गृहस्थ होते. "दर वेळी तेच होतं," ते म्हणाले. "हा माकडांचा भाग आपण बंद करू या." मी म्हणाले, "दर वेळी तेच होत नाही. दर वेळी आपण तेच करतो." ते म्हणाले, तू घरी जाऊन ये, विश्रांती घे. अशी ती सुट्टी होती.

नांदेडहून परत येताना वारंगा फाट्यावर चहाला थांबलो. दादाच्या मानेत नळी, वर पांढरी पट्टी. टपरीवाला पट्टीकडं बघत राहिला. दादाला पाणी मोजून प्यावं लागतं, म्हणून त्यानं अर्धा कप चहा घेतला आणि बाकावर बसून म्हणाला, "आबा काय म्हणून राहिले होते ते सगळं सांग मला. काही वगळू नको."

मी सांगितलं. मादीचंही सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. शेवटी म्हणाला, "अन् हे सगळं माझ्यासारख्यांसाठी?"

"हो."

"माय देऊ शकत न्हाई, तू देऊ शकत नाहीस, म्हणून डुक्कर."

"हो." हे सगळं आमच्या घरात होऊन गेलं होतं. मायला साखरेचा आजार, माझा रक्तगट जुळत नाही, वहिनीची तपासणी केली तर तिचीच एक किडनी लहान निघाली. मेलेल्या माणसाची किडनी मिळावी म्हणून नाव नोंदवून ठेवलंय, पण तो नंबर काही लागत नाही.

पुढचं डायलिसिस हिंगोलीला होतं. मी त्याच्याजवळ बसले होते. मशीनच्या बाजूला एक सिरिंज आपोआप हळूहळू पुढं सरकत असते. दादा तिच्याकडं बघत होता.

"ह्यात काय असतं?"

"हेपरिन. रक्त मशीनमध्ये गोठू नये म्हणून."

"तुमच्या त्या माकडांना बी हेच देता?"

"हेच."

"कशापासून करतात?"

दादा शाळेत असल्यापासून माळकरी. आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नाही. मी त्याच्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं, मग त्याच्या डोळ्यांकडं. "डुकराच्या आतड्यापासून," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा सिरिंजकडं बघितलं. "पहिल्या दिवसापासून हेच देऊन राहिले मला?"

"पहिल्या दिवसापासून."

"काहून सांगितलंस?"

"तू विचारलंस म्हणून. तुझं रक्त आहे, दादा. त्यात काय जातं ते तुला ठाऊक पाहिजे."

त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढच्या वेळी गाडी दारात आली तेव्हा दादा उठलाच नाही. "मी येत न्हाई," म्हणाला. त्या औषधाशिवाय डायलिसिस करता येतं का, हे मी हिंगोलीला फोन करून विचारलं होतं. करता येतं, पण ज्याचं रक्त नुकतंच दोनदा गोठलंय त्याच्या बाबतीत ते धोका घ्यायला तयार नव्हते. मीही नसते घेतला. तसं दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग राहू दे."

वहिनी माझ्यावर उसळली. "तुमाला खरं बोलायची एवढी हौस काहून हो, ताई? गप बसला असता तर काय बिघडलं असतं? मला कुंकू पाहिजे, खरं नको."

तिचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. मी तिला एवढंच म्हणाले, की माझ्या भावाला मी फसवून जगवणार नाही, समजावून जगवीन. मग बसले समजावत. दादा ऐकायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी त्याचा चेहरा सुजला. पाय तर दाबले की खड्डा पडत होता. दुपारपर्यंत त्याला आडवं होता येईना, पाठीला उशी लावून बाजेवर बसून तो धापा टाकत होता.

माय तोवर एक शब्द बोलली नव्हती. सुपात तुरीची डाळ घेऊन बसली होती. तिनं सूप खाली ठेवलं, बाजेपुढं येऊन जमिनीवर बसली आणि विचारलं, "माळ कुणासाठी घातली तू?"

"देवासाठी."

"धरती पाण्यात बुडाली तवा देवानं कोणचा अवतार घेतला?"

दादानं माळेला हात लावला.

"सांग की. कीर्तनात तर पुढं बसतोस. डुकराचा घेतला ना? सुळ्यावर धरून वर काढली तिला. तवा धरती म्हणली का, मी न्हाई येत, डुकराचं तोंड लागलं म्हणून?"

"माय, ते येगळं असतंय."

"काहून येगळं? धरतीला चाललं अन् तुला चालंना? तू धरतीपरस मोठा झाला का रं?"

धाप लागलेली असतानाही दादाला हसू फुटलं, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. माय उठली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पाप असंल तर माझ्या नावावर राहू दे. मला लेक पाहिजे." मग दाराकडं बघून ओरडली, "गाडी बोलवा!"

हिंगोलीला त्याला ऑक्सिजन लावूनच मशीनवर घेतलं. तिथला टेक्निशियन आम्हा सगळ्यांवर चिडला, आणि चिडायलाच पाहिजे होतं. सिरिंज लावताना दादा त्याला म्हणाला, "लाव. मला ठाऊक हाय ती कशाची हाय." त्याला काही कळलं नाही. मला कळलं. त्या दिवसापासून ते औषध कुणी त्याला देत नाही, तो घेतो.

इकडं गावात वानराची तेरवी आली. तेराव्या दिवसाचं हे जेवण अख्ख्या गावाचं असतं आणि प्रत्येक घरातून शिधा जातो. वहिनीनं पीठ, डाळ, गूळ असं टोपल्यात भरून पाठवलं. टोपलं तसंच परत आलं. आणणारी शेजारीण खाली बघत म्हणाली, "आबा म्हणाले, बाईनं आधी मारुतीपुढं नाक घासावं. मंग शिधा घेऊ."

मी पदर खोचला आणि टोपलं उचललं. दादा म्हणाला, "थांब. मी बी येतो." सावकाश चालत आम्ही देवळापाशी गेलो. चुलवणावर कढया चढल्या होत्या, बायका तांदूळ निवडत होत्या, आबा पारावर होते.

मी आधी मारुतीला नमस्कार केला. लहानपणापासून करते, तसाच केला. मग टोपलं पारावर ठेवलं.

"नाक घास, बाई," आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मोठं काम न्हाई. देव माफ करतो."

"माफी चुकीची मागतात, आबा. मी मागणार नाही."

"जीव घेणं चूक न्हाई?"

"मी घेतलेले जीव मला ठाऊक आहेत. त्यांना आमी भूल देतो, दुखू देत नाही. तरी ते जीवच. त्यांचं ओझं माझं आहे. ते मी देवाच्या अंगावर टाकत नाही, अन् तुमच्याही टाकत नाही. पण एक सांगा. तुमच्या सूनबाईला सोयाबीन काढताना साप चावला होता. हिंगोलीला नेलं, औषध दिलं, वाचली. ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात, मग त्याचं रक्त घेतात."

तांदूळ निवडणाऱ्या बायकांत आबांची सून होतीच. तिचा हात थांबला. "घोड्याच्या?" ती म्हणाली. "अगं माय! म्हणून मला तवापासून मामंजीपेक्षा जास्त चालवतंय व्हय!" बायका हसल्या, आणि आबांनी बघितल्यावर पदरात तोंडं लपवून हसल्या.

"घोडं मरत न्हाई त्यात," आबा म्हणाले.

"काही मरतात."

"अन् घोडं काही देव न्हाई."

"देव असेल तर डीपीला जाळी काहून नाही बसवली आपण? हे मेलेलं काही पहिलं वानर नाही. जिवंतपणी हरभऱ्यात शिरलं तर याच देवामागं आपण सुतळी बॉम्ब घेऊन पळतो. मेल्यावर खुर्ची अन् गुलाल."

हे जरा जास्त झालं, हे मला बोलतानाच कळलं. पण परत घेतलं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बाई, तोंड सांभाळ!" दोघंतिघं पुढं आले.

तेव्हा दादा पाराच्या पायरीवर बसला. उभं राहवत नव्हतं म्हणून बसला, पण पुढं आलेले तिथंच थांबले. त्यानं मानेवरची पट्टी बोटानं दाखवली.

"आबा, तुमी मला सांभाळलं. माझा बाप गेला तवा तुमी होतात, ते मी इसरलो न्हाई. ह्या नळीतून माझ्या रक्तात डुकराच्या आतड्याचं औषध जातंय. परवा गेलं, उद्या बी जाईल. मी ते समजून उमजून घेऊन राहिलो. विटाळ असंल तर मलाच हाय, हिला काय बोलता?"

आबांनी त्या पट्टीकडं बघितलं. "तुझी गोष्ट येगळी," ते म्हणाले. "तुला तकलीफ हाय. तुझा शिधा घेतो. हिचा न्हाई."

"आमची चूल एकच हाय," दादा म्हणाला. तो उठला, टोपलं स्वतः उचलायला वाकला. मी ते त्याच्या आधी उचललं. आम्ही घरी आलो.

तेरवीला आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. मायनं त्याच पिठाच्या पोळ्या केल्या, डाळ शिजवली, गुळाचा खडा घेऊन सगळे ओसरीवर जेवलो. जेवण होत आलं तेव्हा आबांची सून मागच्या दारानं ताट झाकून घेऊन आली. आबांनी पाठवलं की तिनं आणलं, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ताट ठेवून ती दादाच्या मानेकडं बघत म्हणाली, "लवकर बरे व्हा, भाऊजी," आणि गेली. आबा मात्र माझ्याशी आजवर बोललेले नाहीत. मी गावी असताना रस्त्यात दिसले की 'रामराम, आबा' म्हणते. ते मान हलवतात, तेही माझ्याकडं न बघता. डीपी अजून उघडीच आहे.

सुट्टी संपली, मी कामावर परत गेले. पहिल्याच दिवशी प्रमुखांसमोर बसले आणि म्हणाले, बंद करायचं तर करा, पण एकदा माझ्या पद्धतीनं करू द्या. सुजेवरचं औषध गुठळी दिसल्यावर नको, किडनी बसवायच्या आधीपासून. आणि डुक्कर असं घेऊ, ज्याच्या अस्तरात माणसाच्या अस्तरातलं ते 'गोठू नको' सांगणारं प्रथिन घातलेलं आहे. अशी डुकरं होती. जोडीला सूज आधी दाबायची, एवढंच मी मागत होते. ते म्हणाले, "आणि जमलं नाही तर?" मी म्हणाले, "तर पुढच्या वेळी काय बदलायचं ते कळेल. माझा भाऊ मशीनला जोडलेला आहे. मला निराश व्हायला सवड नाही." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि हो म्हणाले.

ते माकड आमच्या आधीच्या सगळ्या माकडांपेक्षा जास्त जगलं. शेवटी गेलं ते छातीत जंतुसंसर्ग होऊन, कारण सूज दाबली की जंतूंनाही वाट मोकळी होते. म्हणजे आम्ही जिंकलो नाही. पण मी त्याच्या किडनीचा काप भिंगाखाली ठेवला तेव्हा त्या केसासारख्या वाहिन्या मोकळ्या होत्या. एक बघितली, दुसरी बघितली, काप बदलून बदलून बघत राहिले. उघड्या होत्या. प्रमुखांना हाक मारली. ते भिंगावर वाकले, आणि पुष्कळ वेळ वाकलेलेच राहिले. माकडांचा भाग बंद झाला नाही.

दरम्यान परदेशात काही आजारी माणसांनाच डुकराची किडनी बसवल्याच्या बातम्या आल्या. काहींची थोडे दिवस चालली, काहींची महिने. पुढं कुणाची किडनी काढावी लागली, कुणी दगावलं. प्रत्येक बातमीनंतर 'बघा, नाही ना जमलं' म्हणणारे मला भेटतात, शिकलेलेही भेटतात. मी त्यांना विचारते, कुणाला नाही जमलं? ज्यानं तितके दिवस मशीनशिवाय काढले, घोटभर पाणी न मोजता प्यायलं, त्याला विचारलंत का?

दादाच्या उजव्या हातात नवा फिस्टुला केलाय. तो अजून डायलिसिसवरच आहे. हळद काढतो, म्हणजे उभा राहून काढून घेतो. माळ गळ्यात आहे. गेल्या पावसाळ्यात वहिनीच्या माहेरचे एक पाहुणे आले होते. चहा पिताना त्यांनी विचारलं, "काय हो, तुमची बहीण डुकराची किडनी बसवते म्हणं. उद्या तुमाला दिली तर बसवून घ्याल का?" वहिनीनं फोनवर मला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. दादा बशी खाली ठेवून त्यांना म्हणाला होता, "उद्या काहून? आज आणली का तुमी?"